समन्स पत्र्याच्या पेटीत ठेवू नका

दोन दिवसांच्या झडीने वाफसा नाही, कोळपं बांधावर पडून आहे. म्हणून आज कपाशीची नोंद नाही, कर्जाची नोंद लिहितो.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने माझी चार एकर कपाशी खाल्ली. बियाणं, खत, औषधाची एका दुकानदाराकडे १ लाख ८६ हजारांची उधारी होती. त्याने दावा लावला. पारोळ्याच्या कोर्टाचं समन्स घरी आलं, ते मी घडी करून पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याखाली ठेवलं. लाजेने. शेजारचे आप्पा म्हणाले, "कोर्टमा जाईसन काय व्हई भो? पैसाच नही ना." मला पटलं. तारखेला गेलो नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला. मी आधी रोख भरलेले ४० हजार त्यात वजाच नव्हते. पावती माझ्याकडेच होती, त्याच पेटीत, समन्सच्या शेजारी.

मग एक दिवस बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन दारात उभा. बैलजोडी दावणीला, तिफण भिंतीला. त्या दिवशी पहिल्यांदा वकील गाठला. वकीलसाहेबांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० दाखवलं: शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारी गुरं, बियाण्याचं धान्य आणि तो राहतो ते घर पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. घर गहाण दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. जमिनीला मात्र हे कवच नाही.

बैल वाचले. ४० हजार वाचले नाहीत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला ३० दिवस असतात. समन्स मिळालंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. मला तर मिळालं होतं, मुदत गेली होती. हप्तेसुद्धा दाव्यातच मागायचे होते. हुकूमनाम्यानंतर घेणेकऱ्याच्या संमतीशिवाय कोर्ट हप्ते देत नाही. दुकानदाराच्या ओट्यावर तीनदा जाऊन बसलो, तेव्हा त्याने मान हलवली. ते ४० हजार मी दुसऱ्यांदा फेडले.

आता भांडणाचं बोलतो.

पहिलं भांडण आपल्यातल्या पुढाऱ्यांशी. "भरू नका, माफी येते" म्हणणारा एकही पुढारी तारखेला कोर्टात दिसला नाही. २०१७ ची माफी असो की २०१९ ची, ती बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाला होती. दुकानाची उधारी आणि हातउसनं तिच्यात कधीच नव्हतं. माफीची वाट बघत माणूस हुकूमनाम्यात अडकतो.

दुसरं भांडण सरकारशी. २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली. कंपनी बुडाली की बँका कोट्यवधींवर पाणी सोडतात आणि कंपनी नव्या मालकाखाली पुन्हा उभी राहते. कोणी तिला लाज काढत नाही. त्याच संहितेत साध्या माणसासाठीही प्रकरणं आहेत. पण २०१९ च्या डिसेंबरात ती सुरू झाली फक्त कंपन्यांच्या जामीनदारांसाठी. तुमच्या-माझ्यासाठी अजून कुलूप. आणि उघडलं तरी 'नवी सुरुवात' कोणाला? वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको! पारोळा तालुक्यात मातीचं का होईना, घर नसलेला शेतकरी दाखवा मला.

तोवर आपल्याला उरतो १९२० चा नादारीचा कायदा. ५०० रुपयांचं देणं असलं तरी जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कर्जमुक्तीच्या लढ्यात हेच नादारीचे अर्ज भरायला लावले होते. मीही विचार केला होता. पण नादार ठरलं की जमीन कोर्टाच्या ताब्यात जाते, गहाणदाराचा हक्क तसाच राहतो आणि ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. जमीन गेल्यावर मोकळा झालेला शेतकरी करणार काय?

१८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, तेव्हा इंग्रजालाही जाग आली. १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगरच्या शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि रोख्यावर आकडा काहीही असो, कोर्टाने हिशेब पहिल्यापासून तपासावा असं सांगितलं. तो नियम आज असता तर माझे ४० हजार सापडले असते. परक्याला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये? नादारी शेतकऱ्यालाही द्या, मर्यादा आजच्या भावाने ठेवा, पोटापुरती जमीन आणि राहतं घर बाहेर ठेवा, आणि हिशेब तपासा. ही भीक नाही, कंपनीला मिळतो तोच न्याय आहे.

आणि मंडळी, तोवर एवढं करा. समन्स आलं की पावत्या घेऊन तारखेला जा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. निव्वळ गरिबीमुळे पैसे थकले म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. सोसायटी-पतसंस्थेचा १०१ चा दाखला असेल तर त्याची वाट वेगळी, तिथेही नोटिशीला उत्तर द्याच.

बोंडअळीने माझी चार एकर खाल्ली. ४० हजार मात्र लाजेने खाल्ले.

उद्या ऊन पडलं तर कोळपणी.