अब्बांची गाडी

मरहूम अब्बांची जुनी आलिशान जर्मन गाडी आठ महिन्यांनी बाहेर काढली. नवी बॅटरी घातली तरी चावी फिरवताच नुसतं ‘टक्’. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्युटर गेला, विकून टाका. अम्मी गप्पच झाल्या.

आम्ही मीटर घेतला. मागच्या सीटखालची बॅटरी 12.6 व्होल्ट, चावी फिरवली तरी 12. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, दुसरं इंजिनच्या धातूला लावलं. चावी फिरवताना तिथे अर्धा व्होल्टही दिसू नये, दिसले 4! इंजिन आणि बॉडीमधली अर्थची तांब्याची पट्टी हिरवी पडली होती. म्हणे कॉम्प्युटर!

पट्टी बदलली, बोल्ट आवळले. इंजिनचा आवाज ऐकून अम्मी ओढणी सावरत खाली आल्या. जुम्म्याला नानींकडे याच गाडीने जायचंय.