चालण्याचा जमाखर्च



धान्याच्या घाऊक व्यापारात आमचे आयुष्य गेले. हातीखान्यातील पेढीवर पोती हमालांनी उचलावी आणि आम्ही गादीवर बसून भाव बोलावा, हाच क्रम. साठी उलटली तेव्हा कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषाचा तो ९० च्या आत असावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. रक्तातील साखरही सीमेवर आली होती.

प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने नावाजलेल्या या बडोद्यात व्यायाम म्हणजे दंड-बैठका, अशीच आमची समजूत होती. डॉक्टरांनी मात्र केवळ चालण्यास सांगितले. महाराज सयाजीरावांनी १८७९ साली उभारलेल्या कमाटी बागेत आम्ही रोज पहाटे तासभर चालू लागलो. सहा महिने लोटले, पण वजन जागचे हलले नाही!

तेव्हा आम्ही वही उघडली. सत्तर किलो वजनाचा मनुष्य ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालला, तर सुमारे २५० कॅलरी खर्च होतात. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे एका किलोस महिना हवा. आणि आम्ही मित्रमंडळींसह परतताना फाफडा-जिलेबीची बशी रिचवून तो सारा खर्च तेथल्या तेथे भरून काढीत होतो. बशी सुटली आणि वर्षभरात सहा किलो वजन उतरले.

मंद श्रमात चरबीचा वाटा अधिक जळतो, हे खरे. परंतु नफातोटा ठरतो तो एकूण जमाखर्चावर. मंद चालीचा खरा गुण निराळा आहे. ती उतारवयातही दीर्घकाळ झेपते आणि रोज करता येते. बोलता यावे परंतु गाता येऊ नये, इतका वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटे सांगते. गुडघ्याचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला आधी घ्यावा.

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची चाल आहे. भोजनोत्तर चालण्याने रक्तातील साखर आटोक्यात राहते. मग ती मोकळी संध्याकाळ गादीवर लोळून का दवडावी? गृहिणींनाही सोबत घ्यावे. चूल आवरणे म्हणजे चालणे नव्हे. पेढी जवळ असेल तर स्कूटर घरीच ठेवावी.

पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपण देहाचे खाते मात्र कोरे ठेवावे, हे व्यापाऱ्यास शोभत नाही, इतकेच आमचे नम्र निवेदन.