वेगाची किंमत कोणाच्या पाठीवर?

जे मिळवावयाचे त्याची खरी किंमत म्हणजे त्यासाठी जे सोडावे लागते ते. अर्थशास्त्राचे हे प्राथमिक सूत्र शर्यतीच्या मोटारीत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. चाक रस्त्याला धरून राहावे व धक्के पचावेत, म्हणून सस्पेन्शनच्या स्प्रिंगा मऊ हव्यात. उलट, मोटारीला जमिनीकडे दाबणाऱ्या हवेसाठी तिची उंची स्थिर हवी. ब्रेक लावताच नाक खाली झुकले, तर पुढचा पंख व तळ यांखालचा प्रवाह बिघडतो. म्हणून स्प्रिंगा ताठ केल्या जातात. पुढच्या चाकांच्या भुजांचा आकार व कलही तळाकडे जाणाऱ्या हवेच्या सोयीने ठरतो; यांत्रिक सोय मागे पडते.

ही देवघेव नवी नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस ७९ ने १९७८ मध्ये तळाखालील हवेची ओढ वापरून शर्यती जिंकल्या. पुढे स्प्रिंगा इतक्या ताठ झाल्या की चालकांना धक्के असह्य होऊ लागले; १९८३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ च्या नियमांनी ती ओढ परत आणली आणि जुने दुखणेही परतले. मोटारी सरळ रस्त्यावर वरखाली उसळू लागल्या. बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून, मोठ्या कष्टाने मोटारीबाहेर आला.

ज्याला त्रास होतो त्याने मोटार उंच करावी, नियम कशाला, असा प्रतिस्पर्धी संघांचा युक्तिवाद होता. ज्यांनी हवा आणि सस्पेन्शन यांचा मेळ कौशल्याने साधला, त्यांना शिक्षा का, हा आक्षेप गंभीरही आहे. परंतु मोटार उंच केली की वेग घटतो, आणि एकटा उंच करणारा मागे पडतो. निर्णय अभियंत्याचा, लाभ संघाचा आणि किंमत मात्र चालकाच्या मणक्याची, असा हा व्यवहार आहे. किंमत मोजणाऱ्याच्या हाती निर्णय नसेल, तेथे केवळ स्पर्धेवर विसंबून चालत नाही.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने त्याच वर्षी बेल्जियमच्या शर्यतीपासून उसळीवर मर्यादा घातली आणि २०२३ साठी सर्वांच्याच तळाच्या कडा १५ मिलिमीटरने उचलावयास लावल्या. हे योग्यच झाले. एकट्याला न परवडणारा त्याग सर्वांनी सारखाच केला, तर तो परवडतो. नियमाचे प्रयोजन तेवढेच. वेग वाढला म्हणून टाळ्या वाजविण्यापूर्वी तो कोणी सोसला, हे विचारण्याची सवय शर्यतीच्या मैदानाबाहेरही उपयोगी पडेल.