बावा गोरचा डोंगर आणि अंगठीतला अकीक

अकीक म्हटलं की आपल्याला यमन आठवतं. यमनचा अकीक नावाजलेला आहे, यात वाद नाही. पण एक मोठी खाण आपल्या शेजारीच, गुजरातमध्ये आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

भरूच जिल्ह्यात नर्मदेच्या दक्षिणेला, झगडिया तालुक्यात रतनपूर गाव आहे. गावाजवळच्या डोंगरावर बावा गोर यांचा दर्गा आहे. बावा गोर हबशी होते. त्यांचे भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिसरा यांच्या मजारीही इथेच आहेत. चढण संपली की लोक झाडांच्या सावलीत टेकतात. समोर राजपिपळ्याकडच्या टेकड्या दिसतात. मुसलमानांबरोबर हिंदू आणि पारशीही इथे येतात. खिदमत पूर्वीपासून सिद्दी घराण्यांकडे आहे. अकीकचा धंदा बावा गोर यांनीच वाढवला, अशी इथली आख्यायिका आहे. पट्ट्यापट्ट्यांच्या अकीकला व्यापारी आजही 'बाबाघोरी' म्हणतात.

पण खडा त्याहून कितीतरी जुना. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याची जागा सापडली आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीतले लाल मणी इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्यातल्या कबरींपर्यंत पोचले होते. पुढे खंभातचे मणी जहाजांतून पूर्व आफ्रिकेत जात आणि तिकडून हस्तिदंत येई. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशानेही इथल्या खाणींची नोंद केली आहे.

खाणीतून निघतो तेव्हा अकीक लाल नसतोच. मळकट, पिवळसर गोटा. तो आधी पुष्कळ दिवस उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेण्यांच्या किंवा भुश्याच्या मंद आगीत भाजतात. दगडात लोहाचा अंश असतो, तो तापला की लाली येते. घाई केली तर खडा तडकतो. नंतर लोखंडी टोकावर धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्याला आकार देतात. आठवीच्या वर्गात हे सांगितलं तर एका मुलीने विचारलं, "लोखंडाची का नाही?" शिंगाचा घाव मऊ बसतो, कपची हवी तेवढीच निघते. मुलं असे प्रश्न विचारतात म्हणून शिकवायला मजा येते.

आता श्रद्धेबद्दल. सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे, तिच्यानुसार हुजूर (स.) यांची अंगठी चांदीची आणि तिचा खडा हबशी होता. काही उलमांनी त्याचा अर्थ अकीक किंवा तत्सम खडा असा घेतला, काहींनी काळ्या रंगाचा. मात्र अकीक घातल्याने गरिबी जाते वगैरे ज्या रिवायती दुकानात ऐकवल्या जातात, त्या मुहद्दिसांनी कमकुवत ठरवल्या आहेत. दागिना म्हणून घाला, सुंदरच दिसतो.

मला जास्त बोलायचंय ते घासणाऱ्यांबद्दल. रतनपूरचा माल खंभातला जातो आणि तिथे घराघरांत फिरत्या सहाणेवर घासला जातो. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. टीबीही चटकन जडतो, आणि पुष्कळदा टीबी समजूनच वर्षानुवर्षं औषध दिलं जातं. काम घरातच असल्याने धूळ फक्त कारागिराच्याच छातीत जात नाही. चूल पेटवणारी बायको आणि बाजूला खेळणारं पोर यांच्याही जाते. पाणी सोडून घासलं, धूळ ओढणारा पंखा लावला तर ती पुष्कळ कमी होते. पण पंख्याला पैसे लागतात, विजेलाही लागतात. आणि कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसल्याने, आजारी पडल्यावर भरपाई मागायची तर आपण कुणाकडे कामाला होतो याचा कागदच या माणसांपाशी नसतो.