मुदतीचा ताप आणि दोन रेघांचा दाखला

पावसाळा स्थिरावला की खंडाळा, शिरवळ, लोणंद या आमच्या पट्ट्यात मुलांचे ताप सुरू होतात आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, ‘टायफॉइडची टेस्ट केली का?’ पूर्वी ज्याला मुदतीचा ताप म्हणत, त्याचे निदान आता प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर काही मिनिटांत होते. दोन रेघा उमटल्या की टायफॉइड, एकच उमटली की नाही. व्यापारी घरांना रोखीचा व्यवहार आवडतो, त्यामुळे ही पट्टीही आवडते. परंतु कर्ज देण्यापूर्वी जशी पत पाहावी, तशी या पट्टीचीही पाहिली पाहिजे.

१८९६ सालची विडाल चाचणी काय किंवा आजच्या बहुतेक पट्ट्या काय, त्या रक्तातील जंतू शोधत नाहीत. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ती तयार होण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबता येत नाही. उलट, पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉइडमुळे किंवा एखाद्या वेगळ्याच संसर्गामुळेही दुसरी रेघ उमटू शकते.

कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये अशा पट्ट्यांवरील ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ‘टायफिडॉट’ ही बरीच वापरली गेलेली चाचणी टायफॉइड असलेल्या १०० रुग्णांपैकी सरासरी ८४ जणांना ओळखते आणि टायफॉइड नसलेल्या १०० पैकी ७९ जणांना योग्य रीतीने वगळते. आकडे वाईट वाटत नाहीत. पण ताळेबंद मांडला की चित्र पालटते.

समजा, तापाची १००० मुले आली आणि त्यांतील ३०० जणांना खरोखर टायफॉइड आहे. पट्टी २५२ जणांना पकडेल आणि उरलेल्या ७०० पैकी १४७ जणांवर चुकीचा शिक्का मारेल. म्हणजे आठ ‘पॉझिटिव्ह’ मुलांमागे पाच खरी. आता हीच पट्टी अशा गावात न्या, जिथे १००० तापकऱ्यांत टायफॉइडची मुले फक्त २० आहेत. खरी सापडतील १७ आणि खोटी ठरतील २०६! तेरा ‘पॉझिटिव्ह’मागे जेमतेम एक खरा. पट्टी तीच, कारखाना तोच. बदलले ते फक्त गाव.

हा फरक काल्पनिक नाही. २०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी २४,०६२ मुलांवर आठवड्या-आठवड्याला लक्ष ठेवून तापाचा अभ्यास झाला. मुले सहा महिने ते चौदा वर्षे वयाची होती. एक लाख मुले वर्षभर पाहिली तर किती जणांना हा आजार होतो, असा हिशेब केल्यावर दिल्ली, कोलकाता व वेल्लोर येथील शहरी वस्त्यांत तो आकडा ५७६ ते ११७३ आला. पुण्याच्या ग्रामीण भागात तो होता ३५. आमचा खंडाळा तालुका त्या शहरी वस्त्यांपेक्षा पुण्याच्या ग्रामीण भागाच्या जवळचा, असे माझे मत आहे. म्हणून इथल्या दुसऱ्या रेघेवर तेवढाच अधिक संशय घ्यावा.

खोट्या शिक्क्याचे नुकसान केवळ औषधाच्या बिलापुरते राहत नाही. टायफॉइड समजून प्रतिजैविके चालू असतात आणि मूल प्रत्यक्षात डेंग्यूने आजारी असते; मधले मोलाचे दिवस वाया जातात. विनाकारण दिलेल्या औषधांना जंतू सरावतात, तो तोटा वेगळाच. दुसऱ्या बाजूला, ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी ठेवलेल्या खऱ्या रुग्णाच्या आतड्याला पुढे छिद्र पडू शकते.

यापेक्षा भरवशाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. जंतू वाढला तर निदान पक्के होते आणि कोणते औषध लागू पडेल तेही कळते. तीही परिपूर्ण नाही; १०० पैकी सुमारे ६० रुग्णच तिच्यात सापडतात, निकालाला काही दिवस लागतात आणि लहान मुलाचे रक्त थोडेच घेता येते. प्रतिजैविकाचा डोस आधी पोटात गेला असेल तर यश आणखी घटते. म्हणून रक्त आधी द्यावे, गोळी नंतर.

प्रतिबंधाची वाटही आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची संयुग्म लस देण्याची मोहीम हाती घेतली होती. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही ही लस देता येते. आपल्याकडे पाणी गाळण्याची परंपरा आहे, परंतु कापडातून हा जंतू सहज जातो. चातुर्मासात उकळलेल्या पाण्याचा नियम घेणारी घरे याबाबतीत अधिक सुरक्षित असतात.

मुलाला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा पट्टीच्या निकालासोबत दोन नोंदी कागदावर लिहून न्या. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला आणि आजवर कोणकोणती औषधे दिली गेली. या नोंदींवाचून डॉक्टरांना त्या रेघांचा अर्थ लावता येत नाही.