कर आधी, पैसे नव्वद दिवसांनी

मा. केंद्रीय अर्थमंत्री व अध्यक्ष, जीएसटी परिषद,
मा. गव्हर्नर, रिझर्व्ह बँक,



२२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा आणि ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आकुर्डी-चाकण पट्ट्यात त्याचं स्वागत झालं आणि व्हायलाच हवं होतं. गाडी खपली तर आमच्या शेडमधल्या मशिनी चालतात. त्याच दिवशी, वेगळा दर नेमून न दिलेल्या जॉबवर्कचा दर मात्र १२ वरून १८ वर गेला. कंपनीचं फोर्जिंग आणायचं, टर्निंग-ड्रिलिंग करून परत पाठवायचं, असं काम करणारे आम्ही भोसरीकर नेमके त्यात सापडलो.

तुमचे अधिकारी म्हणतील, कंपनीला क्रेडिट मिळतंच की. मिळतं. अडचण तारखेची आहे. लाखाच्या लेबर बिलावर पूर्वी १२ हजार कर होता, आता १८ हजार. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात भरायचा. आमचा मोठा खर्च पगार आणि विजेचा. दोन्हींवर जीएसटी नाही, त्यामुळे वळतं करायला क्रेडिट थोडंच; बहुतेक कर रोखीने जातो. पैसे येतात साठ-नव्वद दिवसांनी, तेही रिजेक्शनची डेबिट नोट कापून. आणि ज्यांनी अजून दमडी दिलेली नाही, ते आम्ही भरलेल्या कराचं क्रेडिट आधीच घेऊन बसतात. १८० दिवस उलटेपर्यंत ते परत करावं लागत नाही. हा बिनव्याजी पैसा गाळेवाला पुरवतो, स्वतःच्या कॅश क्रेडिट खात्यावर व्याज भरून!

आमच्यासारख्यांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, ठाऊक आहे. २००६ च्या त्या कायद्याने थकलेल्या पैशावर बँक रेटच्या तिप्पट व्याज मागता येतं. २०२३ मध्ये त्यासाठीच आयकरात कलम ४३बी(एच) आलं. पण थकबाकीच्या तक्रारींसाठीच्या समाधान पोर्टलवर तक्रार करणाऱ्या व्हेंडरला पुढच्या महिन्याचं शेड्यूल मिळेल का, हे चाकणच्या कुठल्याही टपरीवर विचारा.

गव्हर्नरसाहेब, आमच्या व्याजाचं म्हणाल तर, २०२५ मध्ये आपण रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म-लघुउद्योगांची नवी बदलत्या व्याजाची बँक कर्जं बाह्य दराला जोडलेली आहेत, तिथे दिलासा पोचला. ज्यांची व्हीएमसी मशीन बिगर-बँक वित्तकंपनीच्या (एनबीएफसी) हप्त्यावर आहे, त्यांना तो नियमच लागू नाही.

पैसे आले की कर, ही आमची मागणी जगावेगळी नाही. सेवाकराच्या काळात ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत व्यक्तींना आणि भागीदारी संस्थांना पैसे हाती आल्यावर कर भरता येत होता. सिंगापूरमध्ये वार्षिक दहा लाख सिंगापूर डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या व्यवसायांना जीएसटीत ही सवलत आजही आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या जॉबवर्क युनिटना ती द्या, आणि कंपनीचं क्रेडिटही पेमेंट झाल्यावरच सुरू करा. खरं तर हा दुसरा भाग आधी करा. स्वतःचं क्रेडिट अडलं की कंपनीचा अकाउंट्स विभाग आमचा फोन उचलू लागेल.

आपला,
भोसरीतला एक जॉबवर्कवाला