कुर्डूला तण कोणी ठरवले?



गेल्या पावसाळ्यात मला माझ्या घरामागे एक भाजी सापडली. सापडली म्हणायला लाज वाटते, कारण ३० वर्षे मी ती उपटून धुऱ्यावर फेकत आलो आहे. ज्वारीच्या तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, उकिरड्याच्या कडेला, जिथे ओल तिथे ती. वर तुरा, शेंड्याला गुलाबी आणि खाली चांदीसारखा पांढरा. कुर्डू. तुम्ही सगळे ओळखता. दर वर्षी तुम्हीही त्याला शिव्या देता.

त्या दिवशी शेजारची म्हातारी मावशी वाटेने जात होती. माझ्या हातातला कोवळ्या कुर्डूचा भारा पाहून थांबली. म्हणाली, "काऊन रे बाप्पा, भाजी उपटून फेकून राह्यला?" तिने तुरा न आलेले शेंडे खुडून पदरात घेतले. संध्याकाळी वाटीभर भाजी घरी पाठवली. पाने उकळून, पाणी फेकून, लसूण-मिरचीची फोडणी आणि वर थोडी भिजवलेली मुगाची डाळ. भाकरीबरोबर खाल्ली. ताटात दुसऱ्यांदा घेतली.

मग मावशीला विचारले, तुला हे कोणी शिकवले? ती हसली. "शिकवाले काय लागते? आमी दुष्काळात हेच खाल्लं."

इथेच माझे डोके फिरले. माझ्या शेतात उगवणारी, माझ्या आजीने खाल्लेली भाजी मला माहीत नाही. पण तिला मारायच्या औषधाच्या डब्याचे नाव मला तोंडपाठ आहे. हे कसे घडले?

तण म्हणजे काय? नको त्या जागी उगवलेले झाड. पण "नको" हे ठरवतो कोण? शेतकऱ्याने ठरवले तर तो त्याचा हक्क आहे. पिकाचे अन्न-पाणी खाणारा कुर्डू ज्वारीत माजू दिला तर कणीस भरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून कोणी तणनाशक मारत असेल तर त्याला पापी ठरवायला मी निघालेलो नाही. भांडण वेगळे आहे. आपल्या हातात फक्त मारायची माहिती दिली गेली. ज्याला मारतो आहोत ते काय आहे, याची माहिती कोणी दिली नाही. तण ओळखायच्या तक्त्यावर कुर्डूचे चित्र असते. त्याखाली "खाद्य" हा शब्द कधी वाचला आहे?

आता जगात काय चालले आहे ते पाहा. कुर्डू हा राजगिऱ्याच्या कुळातला. नायजेरियात लोक वाफे करून तो पेरतात, जुड्या बांधून बाजारात विकतात. तिथे त्याला शोको म्हणतात. चीनच्या वैद्यकात त्याचे काळे चकचकीत बी डोळ्यांच्या विकारावर वापरतात आणि ते त्यांच्या अधिकृत औषधकोशात आहे. आपल्याकडेही जाणती माणसे लघवीच्या त्रासावर हे बी देत आली. तिकडे जे पीक आणि औषध, ते इकडे तण!

आणि ज्वारीवाल्यांनी तर कान देऊन ऐकावे अशी गोष्ट पुढे आहे. टारफुला आपल्याला ठाऊक आहे. ज्वारीच्या मुळाला चिकटून रस पिणारा चोर. एकेका झाडाला हजारो बिया, आणि बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत. हे बी आपणहून उगवत नाही. यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्याचा इशारा मिळाला की जागे होते. हे द्रव्य प्रथम वेगळे काढले गेले १९६६ साली, आणि ते ज्वारीच्या नव्हे, कापसाच्या मुळातून! कापूस टारफुल्याला जागे करतो, पण पोसत नाही. जागे झालेले बी उपाशी मरते. कापसावर ज्वारीची फेरपालट करणारा आपला आजा अडाणी नव्हता.

युगांडात ज्वारीचे शेतकरी अशाच टारफुल्याने गांजले होते. तिथे कुर्डूला "टारफुला पळवणारा" असे नावच पडले. संशोधकांनी ज्वारीत कुर्डू ठेवून प्रयोग केले आणि २००३ साली निष्कर्ष छापले : टारफुला कमी झाला, ज्वारी वाढली. तिथला टारफुला आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. म्हणून उद्याच शेतभर कुर्डू वाढवा असे मी सांगत नाही. तसे सांगणारा तुमचा शत्रू. मी विचारतो आहे ते एवढेच : हा प्रयोग आपल्या मातीत, आपल्या टारफुल्यावर करायचे काम कोणाचे? अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ सालचे, परभणीचे १९७२ सालचे. ही विद्यापीठे आपल्या कराच्या पैशावर उभी आहेत. किती ओळी कुर्डू ठेवला तर टारफुला हटतो आणि ज्वारीला तोटा होत नाही, याचे उत्तर आपल्याला हवे आहे. ते उत्तर कोणतीही कंपनी शोधणार नाही. कुर्डू डब्यात भरून विकता येत नाही ना!

दुसरीकडे शहरातले भाजीप्रेमी आहेत. आता दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतात. फीत कापली जाते, फोटो निघतो, पाहुणे वाटीभर भाजी चाखतात आणि शेतकऱ्याला सल्ला देतात : तुमच्याकडे निसर्गाने किती दिले आहे! बाबांनो, मावशीने कुर्डू दुष्काळात खाल्ला, हौसेने नव्हे. रानभाजी खा म्हणजे भाव मागू नका, असा याचा अर्थ आम्ही लावू देणार नाही. कापसाला, ज्वारीला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव हा आमचा हक्क आहे. कुर्डू त्या हक्काच्या बदल्यात दिलेली भीक नाही. तो मुळात आमचाच आहे.

आमचा आहे, तर त्याची नोंद कुठे आहे? २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असली पाहिजे. गावात काय उगवते, कोण ते कशासाठी वापरते, हे त्या वहीत लिहायचे. ही वही तुमच्या गावात कोणी पाहिली आहे? लिहिणारा मावशीच्या ओट्यावर बसला होता, की शेजारच्या तालुक्याची वही उतरवून सही केली? २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथात लिहिलेले ज्ञान वापरणाऱ्याला लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे ग्रंथातले ज्ञान मोकळे, आणि मावशीच्या डोक्यातले कुठेच लिहिलेले नाही. उद्या कुर्डूचे बी कोणी पोत्याने नेले तर वाटा मागायला आपल्या हातात काय आहे? वही म्हणजे पैसा नव्हे. पण वहीच नसेल तर भांडायलाही जागा नाही.

म्हणून या बैठकीतून गावी जाताना चार कामे घेऊन जा.

एक, पुढच्या ग्रामसभेत नोंदवही मागा. कुर्डू, तरोटा, आंबाडी त्यात आहेत का पाहा. नसतील तर गावातल्या म्हाताऱ्या बायांना पुढे बसवून लिहून घ्या.

दोन, टारफुला असलेल्या गावांनी कृषी विद्यापीठाकडे कुर्डूच्या प्रयोगाची लेखी मागणी करा. पोच घ्या.

तीन, निंदणात निघालेला कोवळा कुर्डू फेकू नका. पण फवारणी झालेल्या शेतातली आणि तिच्या कडेची भाजी खुडू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरू नका. पाने उकळून पाणी फेका. बी औषध म्हणून घ्यायचे तर जाणत्या वैद्याला विचारूनच, आणि डोळ्यात काचबिंदू असेल त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चार, घरामागे एक कोपरा न फवारता सोडा. पोरांना तिथे नेऊन नावे शिकवा.

मी माझा कोपरा सोडला आहे. मावशी दर आठवड्याला येते, शेंडे खुडते आणि मला ऐकवते, "तीस वर्षे कुठे होता बाप्पा?" याचे उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या नातवाने तुम्हाला हेच विचारले तर तुमच्याकडे असू द्या.